सतरा पुरचुंड्या आणि एक लेखनिक

ता. ३ जून

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी बोलते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे, हे अक्षर बघूनच तुझ्या लक्षात आलं असेल. तो तुझ्याशी बोलत नाही हे मला माहीत आहे. मी त्याला सांगितलं, बोलू नकोस, पण लिहायला तुझं काय जातं. शिवाय पत्र माझं आहे, तू नुसता हात. त्यावर त्याने चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मोजणी कचेरीत जन्मभर लोकांची जमीन कागदावर उतरवली, आता आईचं बोलणं उतरवायची लाज वाटते.

(लाज वाटत नाही. वेळ लागतो. — लेखनिक)

तर तू विमा कचेरीतली पंख्याखालची खुर्ची सोडलीस आणि टेकडीच्या उतारावरचा अर्धा एकर घेतलास. घेतलास कसला, परीक्षेला बसलीस. वाटप समितीने एक हंगाम दिला आहे. तीस सप्टेंबरला येऊन बघणार, जमीन नीट कसलेली दिसली तर पुढे तुझ्याकडे ठेवणार, नाही तर तिथे कौलांचं कोठार बांधणार. हे मला पाठ आहे, कारण तुझा बाप मला ते रोज सकाळी चहाबरोबर ऐकवतो. तू त्या उतारावरून खाली येशील त्या दिवशी बोलेन, असं त्याने जाहीर केलं आहे. मी म्हटलं, अरे, उतारावरून सगळं खालीच येतं, पाणी येतं, माती येते. ते थांबवायचं कसं हे शिकायला तर पोर वर गेली.

बियाणं पाठवते आहे, सतरा पुरचुंड्या. सगळं आपल्या परसातलं. काही वाण माझ्या सासूच्या हातचे आहेत, तिने मला दुसरं काही प्रेमाने दिल्याचं आठवत नाही. प्रत्येक पुरचुंडीला दोरा बांधला आहे. दोरे बघून पेर. जास्त सांगत नाही, लहानपणी माझ्या मांडीवर बसून तू हेच दोरे चोखले आहेस.

एक मात्र सांगते. जमीन उघडी ठेवू नकोस. म्हातारं माणूस आणि माती, दोघांनाही अंगावर पांघरूण लागतं. पाला घाल, वाळकं गवत घाल, मिळेल ते घाल. आणि वाफे उताराला आडवे काढ. उभे काढलेस तर एका जोराच्या सरीत तुझी माती शेजाऱ्याच्या मालकीची होईल.

इथे मी ठीक आहे आणि तुझा बाप आहे तसा आहे. ओल्या जमिनीवर फार वेळ उभे राहू नये. निजण्यापूर्वी पाय कोरडे करावेत.

लोभ आहेच, तो पाल्याखाली झाकून ठेव.

तुझी,
आजी


ता. १२ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पुरचुंड्या सुखरूप पोचल्या. पत्र्याच्या खोलीत मी त्या एका ओळीत मांडल्या आणि अर्धा तास नुसती बघत बसले. खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून अख्खं शेत दिसतं, म्हणजे सध्या अख्खं तण दिसतं.

तुला आवडेल अशी एक गोष्ट केली आहे. तुझं बी मळक्या चिंध्यांत राहू नये म्हणून मी ते सतरा काचेच्या बरण्यांत भरलं. झाकणं सगळी एकसारखी. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवली: घेवडा एक, घेवडा दोन, घेवडा तीन, चवळी एक, असं. फळीवर ओळीने ठेवल्यावर खोलीला दवाखान्याची कळा आली. दोरे फार चिवट होते, कात्रीने कापावे लागले. पण वाया नाही घालवले. कुंपणाच्या काठ्या त्यांनीच बांधल्या.

वरच्या शेतात एक गृहस्थ फक्त कोबी लावतात. सगळे त्यांना कोबीवाले म्हणतात. त्यांच्या रांगा वरून खाली अशा सरळ की डोळे दुखतात. माझे आडवे वाफे बघून त्यांनी विचारलं की तुम्ही डावखुऱ्या आहात का.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. जुनं गोणपाट असेल तर जमेल तेवढं पाठव, पांघरुणाला हवं आहे.



तुझी,
भिंगरी


ता. १९ जून

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मला फार आवडली. ती मी दोनदा वाचून घेतली. दर पत्रात तसंच लिहीत जा.

बाकीचं पत्र ऐकून मात्र मी भिंतीला टेकून बसले. तुझ्या बापाने पाणी आणून दिलं.

आता त्या दोऱ्यांत काय होतं ते ऐक. जितक्या गाठी, तितकी बोटाची पेरं बी खोल टाकायचं. सुरगाठ असेल तर ते वर चढणारं, त्याला आधार द्यायचा. निरगाठ असेल तर ते खायचं नाही, पुढच्या वर्षीचं बियाणं म्हणून राखायचं. आणि दोन दोऱ्यांना एकत्र पीळ दिला असेल तर ती दोन बियाणी शेजारी-शेजारी लावायची, एकेकटी लावली तर दोघंही रुसतात. मला लिहिता येत नाही म्हणून माझ्याकडे अक्षर नाही असं नाही, बाई. तू माझं पुस्तक फाडलंस आणि त्याच्या पानांनी कुंपण बांधलंस.

तुझा बाप खूश झाला आहे. तो म्हणाला की चिठ्ठी लावलेली बरणी हीच योग्य पद्धत. मी विचारलं, घेवडा दोन वर चढतो की बसून राहतो, हे तुझ्या चिठ्ठीला विचार. तो म्हणाला की ते चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. मी म्हटलं, दोऱ्यावर लिहिलेलं होतं.

(चिठ्ठी अपुरी होती. पद्धत चूक नव्हती. — लेखनिक)

आता निवडत बसायला वेळ नाही. मका आधी टोच, तो शिडीच्या कामी येईल. मग सगळे घेवडे आणि चवळ्या मिसळून मक्याच्या बुडाशी टाक, दोन पेरं खोल, फार नाही. ज्याला चढायचं तो चढेल, ज्याला बसायचं तो बसेल. भोपळा मध्येमध्ये लाव, त्याची पानं जमीन झाकतात. कडेने झेंडू. कोळ्यांची जाळी झाडून काढू नकोस, ते आपल्याकडे बिनपगारी आहेत. आणि रांग वाकडी झाली म्हणून जीव टाकू नकोस, मुळांना ती दिसत नाही.

(रांगेबाबतच्या वाक्याला हरकत नोंदवतो. — लेखनिक)

गोणपाट आठ पाठवते आहे. सोबत लोकरीचे पायमोजे दोन जोड आहेत, त्यांचा उपयोग करावा.

राग नाही, पण कात्री कपाटात ठेव.

तुझी,
आजी


ता. २६ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

दोऱ्यांचं वाचून मी कुंपणापाशी जाऊन प्रत्येक काठीची माफी मागितली. कापलेले तुकडे जपून ठेवते आहे, आता ते वाचता येतात, फक्त कशाचे होते ते कळत नाही. गोणपाटाची ओळ तुला इतकी आवडली याचं नवल वाटलं. आणखी सहा लागतील.

तू सांगितलंस तसं पेरलं आणि आता इथे काय चाललं आहे ते मला सांगता येत नाही. घेवडा मक्यावर चढला, चवळी घेवड्यावर चढली, भोपळा पायवाट ओलांडून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला. सकाळी दार उघडताना मी आधी खाली बघते.

याच घोळात समितीच्या चिटणीसबाई पहिल्या पाहणीला आल्या. बोलता बोलता त्यांनी मिटलेली छत्री वाफ्यात रोवली आणि ऊन पडलं म्हणून विसरून गेल्या. दहा दिवसांनी परत आल्या तेव्हा एक घेवडा तिला सात वेढे घालून मुठीपर्यंत पोचला होता आणि कळ्या धरल्या होत्या. त्यांनी छत्री मागितली. मी म्हटलं, शेंगा निघेपर्यंत राहू दे. त्या तशाच भिजत गेल्या.

आता खरी गोष्ट. त्यांच्या वहीत दर शेताला एकच रकाना आहे, पिकाचं नाव. कोबीवाल्यांच्या नावापुढे कोबी. माझ्या वाफ्यांत एका ठिकाणी पाच-पाच पिकं, ती त्या रकान्यात मावेनात. शेवटी त्यांनी लिहिलं, रान. अखेरच्या पाहणीत हाच शब्द राहिला तर जमीन पडीक धरतात आणि काढून घेतात. मी पुष्कळ समजावलं, पण मला दाखवता येतं, सांगता येत नाही. त्यांना कागद लागतो.

आजी, मला इथून जायचं नाही. कचेरीत मी पाच वर्षं होते आणि तिथलं एकही टेबल मला आठवत नाही. इथला एकेक वाफा डोळे मिटून सांगेन.

हे बाबांना सांगू नकोस.

माया असू दे.

तुझी,
भिंगरी


ता. २ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या बापाने मला वाचून दाखवलं. बाबांना सांगू नकोस, हे त्याने अगदी सरळ आवाजात वाचलं, मग थांबून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ऐकलंस ना, त्याला सांगायचं नाही. तो म्हणाला, नाही सांगत. तेव्हा तू निश्चिंत राहा, घरात कुणालाही पत्ता नाही. याही पत्राचा शेवट गोड होता.

छत्रीचं ऐकून मी इतकी हसले की समोरचा शिंपी मशीन थांबवून विचारायला आला. बाईंना म्हणावं, उन्हापावसात तुमची छत्री कधी नव्हे ती कामाला लागली आहे.

आता एक निराळीच गोष्ट. तुझा बाप म्हणाला, आई, तू भिंगरीला काही गोष्टी विचार. मी म्हटलं, मला त्या घेऊन काय करायच्या आहेत. तो म्हणाला, तुला कुतूहल आहे. बरं बाई, असेल. तर माझं कुतूहल पुढीलप्रमाणे आहे. खोलीच्या विहिरीकडील कोपऱ्यापासून विहिरीच्या मध्यापर्यंतचे अंतर किती फूट. शेताच्या चारही बाजूंची लांबी किती. उताराचा कोन किती अंश. वाफे एकूण किती, प्रत्येकाची लांबी, रुंदी व त्यातील पिके कोणती. बांध कुठे व किती उंच. छत्री कितव्या वाफ्यात आहे. उत्तरे अंदाजाने देऊ नयेत.

हे सगळं मला हवं आहे म्हणे. मला स्वतःला फक्त भोपळ्याला फळ धरलं का, एवढंच विचारायचं होतं.

गोणपाट सहा पाठवले आहेत. पायांना भेगा पडल्या असल्यास मलम लावावे, डबी सोबत आहे.

हिरमुसू नकोस. रकाना त्यांचा लहान आहे, शेत नव्हे.

तुझी,
आजी


ता. २० ऑगस्ट

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

उताराचा कोन कळल्याशिवाय तुला घास गिळवत नाही हे मला माहीत नव्हतं. असो. तुझ्या कुतूहलासाठी मी दर फुटाला एक गाठ मारून लांब दोरी केली आणि चार दिवस शेतात सरपटले. सगळी मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. वाफे एकेचाळीस. एकही सरळ नाही, हे लेखनिकांच्या कानावर घाल. छत्री एकोणिसाव्या वाफ्यात आहे. भोपळ्याला फळ धरलं, नऊ.

सगळं गोडगोड लिहीत नाही. मुळा गेला. गोगलगायींनी एका आठवड्यात तीन वाफे असे साफ केले की मुळा लावला होता याला पुरावा नाही. चवळीवर माव्याची कीड आली तेव्हा मी रडकुंडीला आले होते, पण कोळ्यांबद्दल तू सांगितलेलं आठवून हात बांधून थांबले. सहाव्या दिवशी पाठीवर ठिपके असलेले लाल किडे आले आणि जेवायला बसले. अजून उठलेले नाहीत.

सोळा तारखेला दुपारी असा पाऊस झाला की विहीर कुठे आहे ते दिसेना. पाणी वरून कोबीवाल्यांच्या सरळ रांगांतून सुसाट आलं आणि माझ्या पहिल्या तीन आडव्या बांधांत येऊन बसलं. त्याच्याबरोबर बावीस कोबी मुळांसकट गडगडत आले आणि भोपळ्याच्या वेलात अडकले. संध्याकाळी कोबीवाले टोपली घेऊन आले आणि एकेक कोबी ओळखून परत घेतला. मी म्हटलं, तुमची माती पण आली आहे, बोटभर थर आहे, तीही न्या. त्यांनी वाकून बोटाने थर मोजला. मग त्यांनी मी डावखुरी आहे का ते पुन्हा विचारलं नाही. झेंडूचं बी कुठून आणलं, ते विचारलं.

तू दर पत्रात माझ्या पायांची इतकी चौकशी करतेस, म्हणून सांगते, पाय ठणठणीत आहेत. मोजे उबदार आहेत. मलम संपत आलं.

तीस तारखेला अजून सहा आठवडे आहेत. मोजत नाही असं नाही.

तुझी,
भिंगरी


ता. ९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र लहान आहे, कारण लेखनिकाला वेळ नाही. गेले अठरा दिवस तुझ्या बापाने स्वयंपाकघराची फरशी अडवली आहे. तिथे एक मोठा कागद पसरला आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर माझी चार पातेली ठेवली आहेत. मी कागदावरून उडी मारून चुलीपाशी जावं अशी त्याची अपेक्षा आहे. काय करतो आहेस विचारलं तर म्हणाला, कचेरीचं काम. सहा वर्षांपूर्वी हारतुरे घेऊन निवृत्त झाला आहे.

(काम खासगी स्वरूपाचे आहे. — लेखनिक)

परवा मी वाकून बघितलं. मला अक्षर कळत नाही पण शेत कळतं. मी म्हटलं, हा वाफा फार वाकडा काढलास. तो म्हणाला, तो वाकडाच आहे, मापं घेतली आहेत. तुझ्या बापाने जन्मात पहिल्यांदा वाकडी रेघ काढली, आणि ती बरोबर आली म्हणून दिवसभर शीळ घालत होता. तुझी आई गेल्यापासून मी ती शीळ ऐकली नव्हती.

या पत्राबरोबर एक नळकांडं येईल. त्यात काय आहे मला माहीत नाही. त्याचं झाकण त्याने स्वतः बंद केलं, आणि पोस्टात कुणी दाबू नये म्हणून आत माझं लाटणं घातलं आहे. लाटणं परत पाठव.

पावसाळी हवेत उघड्या डोक्याने हिंडू नये. मलम सोबत.

मोजत बसू नकोस, शेंगा तोड.

तुझी,
आजी


ता. १ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, मग तू पाणी पी. जमीन राहिली. पाच वर्षांसाठी.

नळकांड्यातून लाटणं निघालं, आणि लाटण्याभोवती माझं शेत निघालं. आजी, एका इंचाला दहा फूट. एकेचाळीस वाफे, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात सगळ्या पिकांची नावं. चढणारी हिरव्या शाईत, पसरणारी निळ्या शाईत, राखायचं बियाणं लाल शाईत. बांध, पाण्याची वाट, झेंडूची कड, सगळं. मुळ्याच्या तीन वाफ्यांत लिहिलं होतं, गोगलगाय. मी तो नकाशा दारावर लावला आणि चिटणीसबाई वही मिटून तो वाचू लागल्या.

मग समितीचे पाचही जण नकाशा हातात घेऊन वाफ्या-वाफ्यातून फिरले. नऊ नंबर म्हणाले की नऊ नंबर सापडायचा. एकोणिसाव्यात लिहिलं होतं, मका, घेवडा, भोपळा, छत्री एक. तिथे छत्री होती. अध्यक्षांनी शेंगा मोजून पाहिल्या. जे मला चार महिने सांगता आलं नाही ते त्या कागदाने तासाभरात सांगितलं. वहीतला रान हा शब्द खोडून चिटणीसबाईंनी लिहिलं, नकाशा जोडला आहे. कोबीवाले कुंपणापाशी उभे होते. जाताना त्यांनी विचारलं की नकाशा काढणारे गृहस्थ उताराचं काम घेतात का.

फक्त एक घोटाळा झाला. नकाशात खोलीच्या दाराशी, नंबर न दिलेला एक छोटा चौकोन आहे. त्यात लिहिलं आहे, खुर्ची एक. माझ्याकडे खुर्ची नाही. मी उलट्या बादलीवर बसते. अध्यक्षांनी सगळीकडे शोधली आणि शेवटी शेरा मारला की नकाशात दाखवलेली खुर्ची जागेवर आढळली नाही, ही तफावत संबंधितांनी महिन्याच्या आत दूर करावी.

शेरा मी लिहून कळवते आहे. संबंधित कोण ते समितीने विचारलं नाही.

लाटणं परत पाठवते आहे. त्याला एक दोरा बांधला आहे. तो लेखनिकांनी वाचू नये, त्यांना तो येणारही नाही. तो तसाच तुझ्या हातात द्यावा.

तुझी,
भिंगरी


ता. १४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बदललेलं दिसेल. समोरचा शिंपी लिहितो आहे. तुझा बाप काल सकाळच्या गाडीने निघाला, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात मोजपट्टी. हे पत्र पोचेल तेव्हा तो तुझ्या दाराशी बसून तुझे वाफे सरळ करण्याविषयी बोलत असेल. बोलू दे. भोपळा त्याच्या पायावर चढेपर्यंत थकेल.

(अक्षराबद्दल क्षमा असावी. माझा हात खडूवर बसलेला आहे. — शिंपी)

त्याला पाठवलं तुझ्या दोऱ्याने. लाटण्यावरचा दोरा त्याने सोडून माझ्या हातात दिला आणि समोर उभा राहिला, जशी मी दर वेळी त्याच्यासमोर पोस्टाचं पाकीट घेऊन उभी राहते. मी मुद्दाम सावकाश वाचला. दोन दोऱ्यांना पीळ, शेवटाला सुरगाठ. शेजारी-शेजारी लावा, आधार द्या. मी तो परत पहिल्यापासून वाचला. त्याने तीनदा विचारलं की काय लिहिलंय. मी म्हटलं, लिहिलंय की बाबांनी खुर्ची घेऊन यावं. तो म्हणाला की एवढ्याशा दोऱ्यात एवढं मावत नाही. मी म्हटलं, तू वाचतोस तेव्हा मी कधी विचारते का, कुठे लिहिलंय ते दाखव म्हणून. त्यावर तो गप्प झाला आणि माळ्यावरून खुर्ची काढायला गेला. इतका पटकन गप्प का झाला, ते मला आज कळलं.

आज घर मोकळं, म्हणून मी शिंप्याला तुझी जुनी पत्रं पहिल्यापासून वाचायला लावली. पहिलं पत्र गोणपाटापाशी संपलं. मी म्हटलं, पुढे वाच. तो म्हणाला, पुढे काही नाही. मी म्हटलं, शेवटची ओळ राहिली, माझ्या आवडीची. त्याने पत्र उलटं केलं, पाकीट झटकलं. नाही म्हणाला. दुसऱ्यातही नाही, तिसऱ्यातही नाही, चौथ्यातही नाही.

तुझा बाप मला दर पत्राच्या शेवटी वाचून दाखवायचा, बाबांची आठवण येते, त्यांनी तब्येतीला जपावं. चारही वेळा तेच शब्द, तोच सरळ आवाज. आणि मी दर वेळी त्याला सुनवायची, बघ, पोर किती मोठ्या मनाची आहे आणि तू दगड आहेस. तो दगड मान खाली घालून ऐकून घ्यायचा. तुझ्या पत्रात पुढे असंही निघालं की मी तुझ्या पायांची चौकशी करते. बाई, मी जन्मात कधी तुझ्या पायांबद्दल एक शब्द बोललेली नाही. मोजे कुणी पाठवले, मलम कुणी पाठवलं, मला काय माहीत. आपण दोघी एकमेकींना लिहीत होतो आणि मधला माणूस दोन्हीकडे चोरून पेरत होता.

हे त्याला बोलू नकोस. पाकिटावर तुझंच नाव घातलं आहे, तरी लपवून ठेव, त्याला दुसऱ्यांची पत्रं वाचायची सवय आहे.

आठवडाभराने त्याला परत पाठव. बरोबर निरगाठ मारून थोडं घेवड्याचं बी दे, छत्रीवरचं. आणि एक पत्र दे, ते तोच मला वाचून दाखवेल. त्याच्या शेवटी ती ओळ लिही, खरोखरची, शाईने. तिथपर्यंत आल्यावर त्याच्या सरळ आवाजाचं काय होतं, ते मला ऐकायचं आहे.

लोभ आहे, तो दोघांनी वाटून घ्या.

तुझी,
आजी